अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये जॉन स्टॉकटनचा १५,८०६ असिस्टचा (सहकाऱ्याला थेट बास्केट करता येईल असे पास) विक्रम अजून का टिकून आहे?

मुख्य कारण म्हणजे हजेरी. नुसत्या पासिंगने हा आकडा गाठता येत नाही. हिशेब करा: दर सामन्यात १० असिस्ट, हंगामाचे सगळे ८२ सामने, अशी सलग १९ वर्षं धरली तरी १५,५८० होतात, म्हणजे २२६ कमीच! स्टॉकटन १९८४ ते २००३ फक्त यूटा जॅझ या संघाकडून खेळला, १,५०४ सामने. चुकले अवघे २२ (१९९८-९९ चा हंगाम ५० सामन्यांचाच होता), त्यातले १८ गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे. सरासरी १०.५. शिवाय कार्ल मलोनसारखा हमखास बास्केट करणारा जोडीदार बहुतेक सगळी कारकीर्द सोबत. दोघांचं पिक-अँड-रोल (एकाने बचावपटूची वाट अडवायची, मग बास्केटकडे वळून पास घ्यायचा) सगळ्यांना पाठ, तरी थांबवता येत नसे. एक मात्र खरं, एखादा पास असिस्ट म्हणून नोंदवायचा की नाही हे स्कोअरर, म्हणजे सामन्याची नोंद ठेवणारा, ठरवतो, त्यामुळे हा आकडा गुणांइतका काटेकोर नसतो.