दोन कार्डे जोडावीत का?

प्रश्न : मुलाला गेमसाठी संगणक जुळवून द्यायचा आहे. तेवढ्याच पैशांत एक ताकदवान ग्राफिक्स कार्ड घ्यावे, की ८ जीबीची दोन साधी कार्डे जोडावीत?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : एकच घ्यावे, असे मी निःसंकोच सांगेन. दोन कार्डे आळीपाळीने एकेक फ्रेम (पडद्यावरचे एक चित्र) तयार करतात, तेव्हा दोघांनाही तीच सामग्री आपापल्या मेमरीत ठेवावी लागते. त्यामुळे ८ आणि ८ मिळून १६ होत नाहीत, उपयोगाला ८ जीबीच येते. शिवाय फ्रेम समान अंतराने पडद्यावर आल्या नाहीत, तर सेकंदाला फ्रेमचा आकडा मोठा असूनही वळणावरची गाडी डोळ्यांना अडखळताना दिसते. खरी अडचण मात्र पुढेच आहे : ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने एसएलआयसाठी, म्हणजे दोन कार्डे जोडून चालवण्याच्या आपल्या तंत्रासाठी, नवी प्रोफाइल (एखाद्या गेमने दोन्ही कार्डे कशी वापरावीत हे सांगणाऱ्या सूचना) देणे २०२१च्या आरंभापासून थांबवले आणि आरटीएक्स ४० मालिकेतील गेमिंग कार्डांवर जोडणीची सोयच ठेवली नाही. त्यामुळे नव्या गेममध्ये दुसरे कार्ड बहुधा रिकामे बसते.

मुलगा ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग (रचलेल्या दृश्याचे अंतिम चित्र तयार करणे) करणार असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे काम दोन्ही कार्डांत खरोखर वाटले जाते. तरीही पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी, चिकटून बसवलेल्या दोन कार्डांपैकी वरच्याच्या वाट्याला खालच्याची तापलेली हवा येते, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.