स्वप्नात जाग आली, की स्वप्नातून?

विश्रामबागच्या एका ताईंची विचारणा आहे. त्या एका आरोग्यविषयक अंकासाठी झोपेवर लेख लिहितायत. त्या विचारतात: 'ल्युसिड ड्रीमला मराठीत काय म्हणावं? एका ठिकाणी "सुस्पष्ट स्वप्न" वाचलं, ते पटलं नाही. दुसरं असं, की कधीकधी जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. आमच्या सासूबाई त्याला "दाबलं" म्हणतात. लेखात हे चालेल, की "निद्रा पक्षाघात" लिहू?'

आधी 'सुस्पष्ट'ची वासलात लावू. कोशात लुसिडसमोर 'स्पष्ट, सुबोध, स्वच्छ' असे अर्थ असतात. त्यातला एक उचलून कुणीतरी स्वप्नाला चिकटवलाय. पण हा शब्द 1913 मध्ये रूढ केला तो फ्रेडरिक व्हान एडन या डच मानसोपचारतज्ज्ञाने, आणि त्याला चित्राचा स्पष्टपणा सांगायचाच नव्हता. झोप पुरती लागलेली असताना माणसाला स्वतःची आठवण असते, हे स्वप्न आहे हे कळतं, आणि ठरवून काही करूनही बघता येतं, अशा स्वप्नांना त्याने हे नाव दिलं. म्हणजे इथे लुसिड म्हणजे शुद्धीवर असलेला. आपण तापात बरळणाऱ्या माणसाबद्दल 'आत्ता जरा शुद्धीवर आहे' म्हणतो ना, तीच ही शुद्ध. स्वप्न अंधुक, धुरकट असलं तरी ते ल्युसिड असू शकतं, आणि लख्ख रंगीत स्वप्नातही माणूस ठार बेशुद्ध असू शकतो. बहुतेक वेळा असतोच.

'जागृत स्वप्न' असंही काही जण लिहितात. मला ते वाचलं की आधी जागृत देवस्थानच आठवतं. आपल्याकडे जोतिबा जागृत, खंडोबा जागृत. त्यामुळे जागृत स्वप्न म्हटल्यावर गावाकडचा वाचक देवाने दिलेला दृष्टान्त समजणार, आणि शहरातला दिवास्वप्न समजणार. 'सजग स्वप्न' त्यातल्या त्यात बरं, पण त्यात सजग कोण, स्वप्न की माणूस? 'स्वप्नभान' मला आवडतो. देहभान, समाजभान, भानावर येणं या घरातला तो शब्द आहे. मथळ्यात नाम हवंच असेल तर तो घ्या.

मात्र लेखाच्या अंगात नामापेक्षा क्रियापद शोधावं असं माझं मत आहे, कारण मराठीतली खरी गंमत तिथे आहे. आपल्याला स्वप्न 'पडतं'. कोडं पडतं, प्रश्न पडतो, विसर पडतो, भूल पडते, तसं. या सगळ्यांत माणूस कर्ता नसतो, 'मला' होऊन बाजूला बसलेला असतो. 'मी स्वप्न पाहिलं' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कशाचं, फ्लॅटचं का? म्हणजे ती आकांक्षा झाली. रात्रीच्या स्वप्नात फार तर काही 'दिसतं'. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हणही कर्तेपण टाळूनच बोलते. ल्युसिड ड्रीममध्ये नेमकं उलटं घडतं. पडणाऱ्या स्वप्नात 'मला'चा एकदम 'मी' होतो.

आणि हे सांगायला मराठीला नवा शब्द घडवावा लागत नाही, एक प्रत्यय बदलला की झालं. 'स्वप्नातून जाग आली' हे आपण रोज म्हणतो. 'स्वप्नात जाग आली' असं म्हणून बघा. ऐकणारा क्षणभर थांबेल, पण अर्थ चुकणार नाही.

माझ्यापुरतं सांगतो. सांगलीत पावसाळ्यात एकच चौकशी चालते: 'आयर्विनला किती झालं?', म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं, तेव्हापासून माझ्या स्वप्नांत तो पूल आणि त्याच्या खांबावरचे पातळीचे आकडे वरचेवर येतात. असाच एकदा कठड्यावरून वाकून आकडा वाचत होतो. 43 दिसले. शेजारच्या माणसाला सांगायला वळलो, परत बघितलं तर 34. पाणी उतरलं म्हणावं तर ते तसंच गढूळ, फुगलेलं. तिसऱ्यांदा बघितलं तर आकड्याच्या जागी कसलीतरी मोडी लिपीसारखी वळणं. तिथे उमगलं, की हे स्वप्न आहे. लिहिलेला मजकूर किंवा आकडे स्वप्नात टिकत नाहीत, नजर हटवून परत नेली की बदलतात, हे मी वाचलेलं होतं. त्याची आठवण स्वप्नात येणं हीच ती जाग. मग मी काय करावं? लोक उडतात म्हणे. मी शेजारच्याला म्हणालो, 'काळजी करू नका, हे खरं नाही.' त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच ओशाळलो, आणि तेवढ्यात डोळे उघडले. भान आलं तरी ताबा येतोच असं नाही. म्हणून 'नियंत्रित स्वप्न' हा पर्यायही बाद.

हा सगळा मनाचा खेळ नाही, याचा पुरावा 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात मिळाला. डोळ्यांची बुबुळं जोरात फिरतात त्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, मेंदूच्या देठाकडून अंगाचे स्नायू ढिले ठेवले जातात, नाहीतर आपण स्वप्नात पळताना अंथरुणातही पळालो असतो. डोळ्यांचे स्नायू मात्र यातून सुटतात. म्हणून कीथ हर्न या संशोधकाने अॅलन वर्सली या माणसाशी आधीच ठरवलं होतं, की स्वप्नात भान आलं की डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. यंत्रावर झोप दिसत होती आणि त्या झोपेतून ती ठरलेली खूण आली. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही याच मार्गाने ते दाखवून दिलं.

ताईंचा दुसरा प्रश्न याच ढिल्या स्नायूंशी जोडलेला आहे. कधीकधी मन आधी जागं होतं आणि स्नायूंची सुटका मागाहून होते. डोळे उघडे, खोली ओळखीची, पण बोटसुद्धा हलत नाही आणि स्वप्नाचा उरलेला भाग त्या खोलीत मिसळतो. श्वासपटल काम करत असतं, पण छातीचे बाकीचे स्नायू साथ देत नाहीत. खोल श्वास घ्यायला जावं तर घेता येत नाही, त्यामुळे वर ओझं आहे असं वाटतं. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. मला हे झालं तेव्हा जिन्यावर पावलं ऐकू येत होती, आणि ती पावलं नेमकी आमच्या बंद दारातून आत आली. ओरडायला गेलो तर बोबडी वळलेली. मग करंगळी हलली आणि सगळं एकदम सुटलं. त्या वेळी कार्यकारणभाव मला पाठ होता, त्याचा तसूभरही उपयोग झाला नाही.

आता शब्द. 'निद्रा पक्षाघात' नको, आणि हे मी आग्रहाने सांगतो. पक्ष म्हणजे बाजू. पक्षाघात, अर्धांगवायू म्हणजे एक अंग लुळं पडणं. आपल्याकडे त्यालाच 'अंगावरनं वारं गेलं' म्हणतात. लेख वाचून एखादी मावशी घाबरून मिरजेचा दवाखाना गाठेल. झोपेतल्या या प्रकारात एक बाजू जात नाही, सगळं अंग थोडा वेळ अडतं आणि आपसूक सुटतं. 'निद्रा लकवा'लाही हीच हरकत.

'दाबलं' हा शब्द मात्र सोन्यासारखा आहे. आमच्या गल्लीतल्या एक आजी सांगायच्या: 'रातच्याला दाबलं बघ मला. हालाया येईना, वरडाया येईना.' कुणी दाबलं, हे त्या सांगत नसत. क्रियापद नपुंसकलिंगी, कर्ता गायब. 'बाहेरचं आहे' यातही तेच, 'लागीर झालं' यातही तेच. आपल्याकडे भुतांची नावं काही कमी नाहीत, पण प्रत्येकाचा पत्ता ठरलेला: मुंजा पिंपळावर, आसरा पाण्याकाठी. छातीवर बसणाऱ्याला आजी नाव देत नाहीत, नुसतं 'काहीतरी' म्हणतात. इंग्रजीत उलट झालं. नाइटमेअरमधली 'मेअर' ही झोपलेल्यावर बसून त्याला घुसमटवणारी बाईच होती. पुढे तिचा विसर पडला आणि कुठल्याही वाईट स्वप्नाला तो शब्द लागू लागला. त्यामुळे नाइटमेअरचं भाषांतर म्हणून आपण 'दुःस्वप्न' लिहितो, पण दाबणारं ते दुःस्वप्न नव्हे. दुःस्वप्नात आपण पळू तरी शकतो.

लेखात मी असं लिहीन: 'झोपेत अंग जखडणं (याला आपल्याकडे "दाबलं" म्हणतात)'. मान जखडते, पाठ जखडते, तसं सगळं अंग जखडलं. वाचकाला लगेच कळेल, कुठला वायू किंवा वारा मध्ये येणार नाही. 'दाबलं' कंसात का होईना ठेवाच. सासूबाईंना हा लेख आपल्याबद्दल आहे हे त्या शब्दाने कळेल. नाहीतर त्या उशाखाली विळी ठेवतील आणि लेख रद्दीत जाईल. विळीलाही माझी हरकत नाही, फक्त पाती आत वळवून ठेवा.

लेखात उपयोगी पडेल असं आणखी एक. जाग आली, उठलो, तांब्यातलं पाणी प्यायलो आणि मग खरी जाग आली, असं अनेकांना होतं. त्याला 'खोटी जाग' म्हणा, वेगळं काही नको. आणि 'साखरझोप' हा शब्द जरूर वापरा. रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात वाढत जाते, म्हणून लांबलचक स्वप्नं, स्वप्नातली जाग, अंग जखडणं हे सगळं बहुधा पहाटेच होतं. पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपण म्हणतो. खरं होतं की नाही ते सोडा, ते लक्षात राहतं, कारण त्यातूनच आपण उठतो.

हल्ली तरुण मुलं ठरवून अशी स्वप्नं आणायला बघतात. पहाटे गजर लावून उठायचं, थोडं जागं राहून परत झोपायचं. पाऊस पडतो आणि आता पाडताही येतो म्हणतात, तसं स्वप्न 'पाडायचं'. जतसारख्या दुष्काळी भागाच्या आकाशात पाऊस पाडणारं विमान फिरलं तरी आधी ढग हवेत की नाही, तोच प्रश्न इथेही आहे. शिवाय झोप अशी तोडत राहिलं की अंग जखडण्याचे प्रसंग वाढू शकतात. कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी-दिवसपाळी बदलत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वरचेवर होत असेल, आणि दिवसाही अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं, ही ओळ लेखात असू द्या.

शेवटी लिंगाचं. ताईंच्या मजकुरात 'मला ल्युसिड ड्रीम आला' असं एक वाक्य होतं. तो हिंदीतल्या सपन्याचा वारसा आहे. इंग्रजी शब्द ठेवायचाच असेल तर स्वप्नाचं लिंग आणि स्वप्नाचं क्रियापद त्याला द्या: 'मला ल्युसिड ड्रीम पडलं.' आणि एकदा भान आल्यावरचं पुढचं सगळं 'मी'ने लिहा: मी थांबलो, मी वळलो, मी आकडा परत वाचला.