लॉक्स धुतात का, आणि शाळेला ते का नकोत?

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही घानात, अक्राला राहतो. शेजारणीचे लॉक्स, म्हणजे केस गुंतून झालेल्या दोरीसारख्या बटा (ड्रेडलॉक्स), कमरेपर्यंत आहेत, बघत राहावं असे. पण ओळखीतलं कोणी म्हणालं की हे लोक केस धूतच नाहीत म्हणून तसे होतात. खरंय का? शिवाय तिच्या मुलाच्या शाळेने त्याचे लॉक्स कापायला सांगितलेत, ती फार टेन्शनमध्ये आहे. शाळेला नक्की काय त्रास?

उत्तर : अजिबात खरं नाही, आणि प्लीज हे पुढे कुणाला सांगू नका. लॉक्स धुतात, चांगले शाम्पूने धुतात, उलट तेलकट केसांचे लॉक्स नीट बसतच नाहीत. होतं काय, तो केस स्प्रिंगसारखा घट्ट वळलेला असतो, त्यामुळे रोज गळणारे केस खाली न पडता बाकीच्यांत अडकतात, गुंततात, आणि असं महिनोन्‌महिने चाललं की लॉक तयार होतो. सुरुवातीला लॉक्टिशियन, म्हणजे लॉक्स करून देणारी, कंगव्याने बारीक पीळ घालून देते, मग मुळाशी नवे केस वाढले की रिट्विस्ट, म्हणजे त्यांना पुन्हा पीळ. टाळूचं तेल एवढ्या वळणांतून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून हे केस मुळातच कोरडे, त्यात हिवाळ्यात सहाराकडून हरमाटनचा कोरडा धुळकट वारा येतो, तेव्हा शिया बटर हवंच, पण थोडंच, कारण थापलं की आत साचतं. आणि धुतल्यावर पूर्ण वाळवायचे, ओले बांधून झोपलं की वास धरतात.

हे फक्त जमैकाच्या रेगे संगीतासोबत आलेलं फॅड आहे असंही नाही हं. घानातल्या अकान लोकांतले पारंपरिक पुजारी, ओकोम्फो, पूर्वीपासून केस असे ठेवतात. नायजेरियात योरुबा घरात जन्मतःच गुंत्याचे केस घेऊन आलेल्या मुलाला दादा म्हणतात, त्याचे केस असेच कुणी कापत नाही, कवड्या ओवतात. सेनेगलमध्ये डाकारला बाय फाल या मुस्लिम पंथाचे लोक दिसतील, तेही लॉक्सवाले.

आता शाळा. घानातल्या बऱ्याच सरकारी शाळांत मुलामुलींनी केस बारीक ठेवायचे हा नियम आहे, शिस्त आणि स्वच्छता ही कारणं देतात. मला ते पटत नाही, स्वच्छता लांबीवर ठरत नसते. 2021 मध्ये अक्राच्या अचिमोटा शाळेने दोन रास्ताफारी (जमैकात सुरू झालेला धर्म, त्यात लॉक्स ठेवणं श्रद्धेचा भाग) मुलांना लॉक्समुळे प्रवेश नाकारला होता, ही शाळा ब्रिटिश काळातली, 1927 ची. घरचे हायकोर्टात गेले आणि 31 मे 2021 ला कोर्टाने मुलांना प्रवेश द्यायला सांगितलं. फक्त त्या केसचा पाया धर्मस्वातंत्र्य आणि शिक्षणाचा हक्क असा होता, त्यामुळे शेजारीण रास्ताफारी नसेल तर तोच निकाल जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. तिला सांगा, शाळेकडून नियम लेखी मागून घे, आणि कात्री लावायच्या आधी एखाद्या वकिलाला भेट, कारण एवढे वाढवलेले लॉक्स कापले की परत सगळं पहिल्यापासून.

आणि हो, कितीही सुंदर वाटले तरी तिला न विचारता केसांना हात लावू नका.