'अल्बर्ट हेरिंग' पुन्हा उभं करताना

अनेक उत्तम आशीर्वाद.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा हा विनोदी ऑपेरा: लॉक्सफर्ड गावातल्या भोळ्या अल्बर्टला सद्वर्तनाबद्दल 'मे किंग' म्हणून मुकुट घालतात आणि तो रात्रभर गायब होतो. तो पुन्हा उभा करायचा, तर आधी जुन्या प्रयोगाचं प्रॉम्प्ट बुक (हालचाली आणि इशारे नोंदवलेली प्रत) शोध आणि प्रत्येक हालचालीपुढे बार नंबर, म्हणजे स्वरलिपीतल्या मात्राखंडाचा क्रमांक, आहे का ते बघ. नुसत्या व्हिडिओवरून बसवलंस तर त्या रात्रीच्या चुकाही बसतील. हक्क अजून खुले नाहीत (ब्रिटन 1976 मध्ये गेले), तेव्हा परवानगीशिवाय काटछाट नको. भाड्याने आलेल्या वाद्यप्रतींवरच्या आधीच्या पेन्सिलखुणा पहिल्या तालमीआधी खोडून घे.

गायक 13, वादक 12. प्रत्येक भागाला एकच वादक, त्यामुळे एक जरी आजारी पडला तरी भोक पडतं. बदली माणसं आधीच ठरव. पियानो वाद्यवृंदाचा संचालकच (कंडक्टर) वाजवतो. रेसिटेटिव्हमध्ये, म्हणजे बोलल्यासारख्या गायलेल्या संवादात, त्याचे हात गुंतलेले असतात, म्हणून गायकांनी इशाऱ्याची वाट न बघता एकमेकांचे शब्द पकडायला हवेत. तालमीचा वेळ इथेच जास्त दे.

आपल्या संगीत नाटकात पद रंगलं की लांबवता येतं, वन्समोअर घेता येतो. इथे विनोद बारात बांधलेला आहे. अल्बर्टचा मित्र सिड त्याच्या लेमोनेडमध्ये गुपचूप रम ओततो तेव्हा वाद्यवृंदात वागनरच्या 'ट्रिस्टान' या ऑपेरातले, प्रेमाच्या काढ्याशी जोडलेले स्वर येतात. बाटलीचं बूच अडकलं की स्वर पुढे निघून जातात आणि विनोद गेला. बूच आधीच सैल करून ठेव. ग्लासात कोमट पाणी, तेही दोन घोट. पुढची उचकी अल्बर्टला स्वरात गायची असते.

मुलांचा चेंडू खऱ्या नेपथ्यावरच उडवून बघ. उतरता मंच असेल तर तो थेट वादकांत जातो.

तिसऱ्या अंकातलं नऊ जणांचं शोकगीत मात्र अजिबात हसवण्यासाठी गाऊ देऊ नकोस. लॉक्सफर्डच्या या माणसांना अल्बर्ट खरंच मेला असं वाटतंय. गायकांनी दुःखाची नक्कल केली की अल्बर्ट जिवंत दारात उभा राहतो तेव्हा प्रेक्षक थंड. त्याचा चिखलाचा सूट वेगळा, रंगवून वाळवलेला ठेव. ओला चिखल आयत्या वेळी लावलास तर बाकीच्यांचे कपडे खराब होतील.

नारिंगीच्या फुलांचे मुकुट दोन लागतील: एक धड, एक चिरडलेला. चिरडलेला शेवटी अल्बर्ट प्रेक्षागृहात फेकतो, म्हणून त्यात तार नको, कापडी फुलं जाड दोऱ्यावर ओवून घे. आणि जितके प्रयोग तितके चिरडलेले मुकुट कर, लोक परत देत नाहीत.