आजोबांच्या जुन्या रॅले सायकलची बीबी बदलावी, की आहे तीच दुरुस्त करावी?

आपण लिहिले आहे की, आजोबांची १९५०च्या दशकातील इंग्लिश बनावटीची रॅले आपण पुन्हा वापरात आणत आहात, पायडल मारताना खालून कटकट ऐकू येते, क्रँक (पायडलचा दांडा) बाजूला हलतो, आणि सोलापुरातील एका दुकानदाराने जुनी बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही क्रँकना जोडणारा एक्सल आणि तो ज्यांत फिरतो त्या वाट्या व छर्रे) काढून हल्लीची सीलबंद बीबी बसवण्याचा सल्ला दिला आहे. हा सल्ला आपण इतक्यात मानू नये, असे मला मनापासून वाटते. मी सोलापुरातच राहतो, जुन्या सायकली दुरुस्त करण्याचा मला छंद आहे, आणि माझा अनुभव असा की अशा सायकलींच्या बीबीला बहुतेक वेळा नवे छर्रे, नवे ग्रीस आणि नव्या कॉटर पिना (क्रँक एक्सलवर घट्ट धरणाऱ्या पाचरीसारख्या पिना) एवढेच हवे असते.

दोष नेमका कोठे आहे, हे आधी ठरवावे. दोन्ही क्रँक हातांत धरून बाजूला हलवावेत. दोन्ही एकदमच हलत असतील तर बीबी सैल आहे. एकच हलत असेल आणि दुसरा स्थिर असेल, तर त्या क्रँकची कॉटर पिन झिजलेली आहे. प्रत्येक फेऱ्यात एकदाच, पायाचा जोर पडतो त्या क्षणी येणारी कटकट बहुधा कॉटरची असते, आणि तेवढ्यासाठी बीबी उघडण्याचीही गरज नसते.

सीलबंद बीबीला माझा विरोध दोन कारणांसाठी आहे. तिच्या एक्सलची टोके चौकोनी असतात, त्यामुळे कॉटरचे क्रँक तिच्यावर बसत नाहीत आणि क्रँकबरोबर रॅलेचे बगळ्याच्या नक्षीचे मूळ चेनव्हीलही (साखळी फिरवणारे दातेरी चाक) काढून टाकावे लागते. दुसरे कारण आट्यांचे. बाजारातील नेहमीच्या बीबीला एका इंचात २४ आटे असतात आणि ती फ्रेममधील ६८ मिलिमीटर रुंदीच्या बीबीच्या नळीसाठी बनवलेली असते. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने मात्र आपल्या बहुतेक सायकलींना इंचात २६ आटे दिले आणि नळी ७१ किंवा ७६ मिलिमीटर ठेवली. व्यास दोन्हींचा सारखाच असल्यामुळे चुकीची वाटी पहिले एक-दोन फेरे सहज फिरते आणि मग अडकते. तेथे कोणी लांब पान्याने जोर लावला, तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. स्टीलच्या पट्टीने दहा आट्यांची लांबी मोजली की उलगडा होतो: २६ आट्यांची असेल तर सुमारे ९.८ मिलिमीटर, २४ची असेल तर सुमारे १०.६. आपली सायकल आसनसोलला बनलेली सेन-रॅले निघाली, तरी नाव पाहून अंदाज न बांधता हे मोजमाप करावेच.

या कामात सर्वांत जास्त नुकसान कॉटर काढताना होते. आदल्या रात्री पिनेच्या दोन्ही बाजूंना गंज सोडवणारे तेल सोडावे. दुसऱ्या दिवशी नट पूर्ण न काढता पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करावा, म्हणजे घाव नट आणि पीन दोघांवर मिळून पडतो व आटे वाचतात. त्यानंतर पिनेचे डोके आत मावेल अशी जाड लोखंडी नळी क्रँकखाली उभी करावी आणि तिचे दुसरे टोक फरशीवर घट्ट टेकवावे. हा आधार नसेल, तर प्रत्येक घाव एक्सलमधून छर्ऱ्यांवर जातो आणि चांगल्या वाटीतही खड्डे पाडतो. हलक्या हातोडीने वीस वेळा ठोकण्यापेक्षा किलोभर वजनाच्या हातोड्याचा एकच नेमका घाव बरा. टुकटुक करण्याने पीन फुगते आणि मग ड्रिल करूनच काढावी लागते. जुनी पीन पुन्हा वापरू नये. नवी आणताना जाडी मोजून आणावी, कारण इंग्लिश क्रँकची पीन ९.५ मिलिमीटरची असते आणि ९ मिलिमीटरची पीनही दुकानात मिळते.

क्रँक निघाल्यावर डावीकडील लॉकरिंग (वाटी जागेवर घट्ट धरणारी कडी) आणि त्यामागची वाटी नेहमीच्या, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने खोलावी. खाली परात ठेवावी, कारण छर्रे सुटे असतात. एक्सलची लांब बाजू चेनव्हीलकडे, म्हणजे उजवीकडे असते. काढतानाच तिच्यावर खूण करावी. उजवी वाटी मात्र जागेवरच राहू द्यावी आणि डिझेलच्या फडक्याने आतून पुसून बॅटरीच्या उजेडात तपासावी. बॉलपेनचे टोक छर्ऱ्यांच्या वाटेवरून फिरवले आणि ते कोठेही अडखळले नाही, तर वाटी चांगली आहे. नुसती चकचकीत रेघ दिसणे हा दोष नव्हे, पण नखाला लागणारा खड्डा हा दोष आहे.

उजवी वाटी काढावीच लागली, तर तिचे आटे उलटे आहेत हे विसरू नये. फिरणारे छर्रे वाटीला एक्सलच्या विरुद्ध दिशेने ढकलत असतात, आणि सरळ आटे असते तर ती वाटी चालता चालता सुटली असती. तिच्या कडा अरुंद असल्याने पाना घसरतो. म्हणून वाटी मोठ्या व्हाइसमध्ये घट्ट धरून अख्खी फ्रेमच फिरवावी. उजवी बाजू खाली ठेवून वरून पाहिले असता फ्रेम घड्याळाच्या दिशेने फिरवली की वाटी सुटते.

छर्रे सर्वच्या सर्व बदलावेत. जुने-नवे एकत्र करू नयेत. ते पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे, प्रत्येक बाजूस ११ लागतात. दुकानदार कधी कधी ६ मिलिमीटरचे देतात. हातात फरक कळत नाही, पण बीबी कधीच नीट बसत नाही, त्यामुळे व्हर्नियरने मोजूनच घ्यावेत. वाटीत भरपूर ग्रीस भरून छर्रे त्यात एकेक करून रुतवावेत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जी बारीक धूळ उडते, ती आणि सीटच्या नळीतून खाली उतरणारा गंज हे बीबीचे खरे शत्रू आहेत. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक नळीच्या रुंदीपेक्षा थोडे कमी कापून, गुंडाळून दोन्ही वाट्यांच्या मध्ये बसवावे. खर्च काहीच नाही आणि वरून पडणारा कचरा छर्ऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.

एक्सलचे कोन (छर्रे ज्यांवर फिरतात ते उतरते भाग) खड्डे पडून खराब झाले असतील, तर जुना एक्सल बरोबर नेऊन दोन कोनांमधील अंतर जुळवूनच दुसरा घ्यावा. यंत्रमागांचे भाग बनवणारे कुशल लेथवाले आपल्या शहरात पुष्कळ आहेत आणि ते तसाच एक्सल हुबेहूब काढून देऊ शकतात, परंतु मऊ लोखंडाचा एक्सल छर्ऱ्यांखाली लवकर झिजतो. पृष्ठभाग कडक करून देण्याची सोय असेल तरच हे काम त्यांना सांगावे.

जोडताना डावी वाटी एक्सल किंचित जड फिरेल इतकी आवळावी, कारण लॉकरिंग कसताना ती थोडी बाहेर ओढली जाते. वाटी पान्याने धरून लॉकरिंग कसावे आणि क्रँक लावून पुन्हा हलवून पाहावे. खेळ शून्य आणि फिरणे मोकळे, असे होईपर्यंत दोन-चार वेळा जुळवावे लागते. कॉटर पिना एकमेकींच्या विरुद्ध दिशेने घालाव्यात, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. पीन हातोड्याने पूर्ण बसवून मगच नट कसावा. नटाने ओढून बसवण्याचा प्रयत्न केल्यास आटे तुटतात. आठ-दहा किलोमीटर चालवल्यानंतर, क्रँकखाली तीच नळी ठेवून पिनेला आणखी एक घाव द्यावा आणि नट पुन्हा कसावा.