अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास लहान मुलांना ख्रिस्ती दृष्टीने कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की मुलं सहा आणि आठ वर्षांची आहेत, तुम्ही त्यांना घरीच शिकवता, आणि मिळालेली पुस्तकं एक तर पिलग्रिमांना, म्हणजे इंग्लंडहून अमेरिकेत येऊन वसलेल्या पहिल्या काही ख्रिस्ती लोकांना, संत करून टाकतात, नाही तर देवाचं नावच घेत नाहीत. मी न्यू जर्सीत संडेस्कूलला याच वयाच्या मुलांना शिकवते. हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

पवित्र शास्त्र दावीदाची गोष्ट जशी सांगतं, तशी ही गोष्ट सांगा. गल्याथाला पाडणारा दावीद आणि उरीयाचा जीव घेणारा दावीद एकच. शास्त्र त्यातलं काहीच झाकत नाही. मग आपण पिलग्रिमांचं का झाकायचं?

त्यांचा विश्वास मात्र मोकळेपणाने सांगा. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले. त्यांतले बरेच जण मनासारखी उपासना करता यावी म्हणून आधी हॉलंडमधल्या लायडनला जाऊन राहिले होते. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे दगावले, तरी उरलेल्यांनी प्रार्थना सोडली नाही.

पुढे स्क्वांटो हा तिथला मूळ रहिवासी येतो, आणि इथे घाई करू नका. त्याने मका पेरताना मासळीचं खत कसं घालायचं ते शिकवलं, एवढंच बहुतेक पुस्तकं सांगतात. पण १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पळवलं होतं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. इंग्लंडमार्गे तो १६१९ मध्ये परतला, तेव्हा त्याचं पटक्सेट गाव साथीच्या रोगाने ओस पडलेलं होतं. त्याच जागी पिलग्रिमांनी वस्ती केली. त्यांच्या वसाहतीचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने लिहून ठेवलंय की स्क्वांटो हे देवाने पाठवलेलं साधन होतं. हे मुलांना जरूर सांगा, पण योसेफाच्या गोष्टीला जोडून: देवाने त्यातून चांगलं घडवलं, म्हणून भावांनी योसेफाला विकणं चांगलं ठरत नाही. इंग्लंडचा राजा जेम्स याच्या १६२० च्या सनदेत तर त्या साथीबद्दल देवाचे आभार मानलेत. असा विचार ख्रिस्ती शिकवण म्हणून मुलांपुढे कधीही ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

१६२१ च्या कापणीच्या मेजवानीला तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे ९० माणसं घेऊन आला, ही गोष्ट मुलांना खूप आवडते. उपकारस्तुतीच्या सणाला (थँक्सगिव्हिंगला) ती सांगा. पण पुढच्याच पिढीत, १६७५ मध्ये, त्याच्या मुलाशी वसाहतींचं युद्ध पेटलं, हेही सांगा. रक्तपाताची वर्णनं या वयात नकोत.

या युद्धातली एक गोष्ट कुठल्याच बालपुस्तकात मला सापडली नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. जॉन एलियट या इंग्रज पाळकाने मॅसॅच्युसेट या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेत संपूर्ण बायबल आणलं. १६६३ मध्ये छापलेलं ते अमेरिकेतलं पहिलं पूर्ण बायबल. छापखान्यात जेम्स प्रिंटर नावाचा निपमक जमातीचा तरुण काम करत होता. नेटिक गावात मूळ रहिवाशांची ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. युद्ध सुरू झालं आणि बॉस्टनच्या अधिकाऱ्यांनी याच विश्वासी कुटुंबांना बॉस्टनजवळच्या डिअर आयलंड या बेटावर नेऊन ठेवलं. थंडीने आणि उपासमारीने तिथे कितीतरी जण मेले. कैद करणारेही ख्रिस्ती, कैदीही ख्रिस्ती. एलियट त्यांच्या बाजूने बोलत राहिला. मंडळीने कसं वागावं आणि कसं वागू नये, दोन्ही मुलांना इथेच दिसतं.

आपल्या मुलांना ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू करणारे मिशनरी न्यू इंग्लंडच्या याच मंडळ्यांच्या परंपरेतले होते. माझ्या आजोळची ख्रिस्ती मंडळी त्यांच्याच कामातून उभी राहिली.

रॉजर विल्यम्स थोडक्यात पुरे: कोणावर धर्माची सक्ती करू नये म्हणणारा पाळक, म्हणूनच हद्दपार झालेला, १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवणारा. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याला मात्र ओढूनताणून आपल्यासारखा विश्वासी करू नका. त्याने चमत्कार वगळून शुभवर्तमानांची स्वतःपुरती प्रत केली होती.

गुलामगिरी टाळू नका. रिचर्ड ॲलन गुलामीत जन्मला, पैसे भरून स्वतंत्र झाला, फिलाडेल्फियात पाळक झाला आणि १८१६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र मेथडिस्ट मंडळीचा पहिला बिशप झाला. सहा वर्षांच्या मुलालाही हे समजतं.

पुस्तक विकत घेण्याआधी दोन गोष्टी चाळून बघा: स्क्वांटोची गोष्ट पळवून नेण्यापासून सुरू होते का, आणि नेटिकचं नाव आहे का. नसेल तर ती पानं तुम्ही स्वतः सांगा.