सासऱ्यांच्या सामानात बेब रूथ या गाजलेल्या अमेरिकन बेसबॉलपटूच्या सहीची जुनी बेसबॉल बॅट सापडली. ती त्यानेच वापरलेली असेल का? किंमत किती येईल?

आधी कळकळीची विनंती. बॅट घासू नका, सँडपेपर लावू नका, पॉलिश तर नकोच. दांड्यावर जुनी चिकटपट्टी असेल तर तीही राहू द्या. चकाचक केलेल्या जुन्या बॅटची किंमत पडते आणि ती पुन्हा चढत नाही.

सही शाईची नसून लाकडात भाजून उमटवलेली असेल, तर ती कारखान्याची आहे. अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या हिलरिक या बॅट बनवणाऱ्या कंपनीने 1905 मध्ये होनस वॅग्नर या खेळाडूशी तसा करार केला. पुढे नामवंतांच्या सह्यांच्या असंख्य बॅट्स दुकानांतून विकल्या गेल्या. त्यामुळे निव्वळ सहीवरून ती रूथने हातात धरली होती असं म्हणता येत नाही.

खरी ओळख पटते ती दांड्याच्या टोकावरच्या गोळ्यावरून, म्हणजे नॉबवरून. तिथे नुसता 33 किंवा 34 असा आकडा असेल तर ती इंचातली लांबी, आणि बॅट दुकानी. बॅटच्या मधल्या भागावरच्या कंपनीच्या ठशाजवळ ‘40 बी.आर.’ असेल तरी दुकानीच. ‘125’ हा वरच्या दर्जाचा आकडा, पण तो दुकानी बॅट्सवरही सापडतो, म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. रूथच्या बॅट्स साधारण 35-36 इंची आणि बहुधा 40 औंसांच्या (सुमारे 1.1 किलो) आसपास किंवा त्याहून जड असत. तेव्हा घरच्या काट्यावर वजन जरूर करा.

काळ ठरवायला मधला ठसा वाचा. ‘जे. एफ. हिलरिक अँड सन’ म्हणजे 1916 च्या आधीची, ‘हिलरिक अँड ब्रॅड्सबी’ म्हणजे त्यानंतरची. ‘पॉवराइज्ड’ हा शब्द बॅट्सवर 1930 च्या दशकात आला.

रूथच्या नावाची, दुसऱ्या महायुद्धापूर्वीची, न तडकलेली दुकानी बॅट काहीशे डॉलरला जाते. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममधला पहिला होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) त्याने 1923 मध्ये ज्या बॅटने मारला, ती 2004 मध्ये सदबीजच्या लिलावात 12 लाख 65 हजार डॉलरला गेली. एवढी किंमत मिळते ती पुराव्यामुळे. म्हणून सासूबाईंना आत्ताच विचारा: बॅट कोणाची, घरात कधी आली, जुना फोटो किंवा पत्र आहे का? त्या सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा.

भाव बघताना विक्रेत्यांनी मागितलेला नव्हे, प्रत्यक्ष विकला गेलेला आकडा पाहा. दुकानी निघाली तर प्रमाणपत्रासाठी पैसे घालवू नका. नॉब, मधला ठसा आणि सही यांचे उजेडात काढलेले फोटो, लांबी आणि वजन इथे टाकलंत, तर मी नक्की बघेन.